सात ते नऊ या वेळेतले तेरा पक्षी

भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीत मी काय काम करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते काम आहे हे कोणालाच पटलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे मेहताभाई जिन्यात भेटले की विचारतात, "क्या भाऊ, आज कितने कबूतर?" मी म्हणतो, कबूतर नाही, चिखलातले पक्षी, एकवीसशे. मग ते विचारतात, "और एक उड गया तो?" मी म्हणतो, "तो बीस सौ निन्यानवे लिखता हूँ।" गेली कित्येक वर्षं हा संवाद असाच चालू आहे. ते हसतात. मी मात्र खरंच तसं लिहितो.

काम साधं आहे. कुठे रस्ता, पूल, कारखाना, गोदाम उभं करायचं असलं की आधी त्या जागेवर काय आहे याचा अहवाल द्यावा लागतो. माती, पाणी, धूळ, आवाज, झाडं, जनावरं. असे अहवाल तयार करून देणाऱ्या कंपन्या असतात. अशाच एका कंपनीत मी पक्ष्यांचं प्रकरण लिहायचो. सुरुवातीची बरीच वर्षं डोंगर, माळ आणि रस्त्याकडेची झाडं यांत गेली. खाडीकाठची कामं नंतर आली, घर जवळ म्हणून माझ्याकडेच आली.

खाडीच्या चिखलावर हिवाळ्यात जे पक्षी उतरतात ते ओळखणं सुरुवातीला फार कटकटीचं असतं. उत्तरेकडून हजारो मैल उडून आलेले हे पक्षी इथे येईपर्यंत आपले रंग टाकून आलेले असतात. सगळे मळकट, राखाडी. त्यामुळे रंग बघायचाच नाही. चोच बघायची आणि चाल बघायची. आखूड चोचीचा चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. टिलवा चिमणीएवढा, शिवणयंत्राच्या सुईसारखा टकटक चोच मारत सरकतो. पाणटिवळ्याची चोच लांब सरळ, ती तो डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो. ज्याची चोच लांब आणि खाली वाकलेली आणि अंग कोंबडीएवढं, तो कुरल्या. एवढं जमलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं मोजण्याचं. हजाराचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं आणि ते माप थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचं. सवय झाली की शंभराचं माप धरता येतं. मी हे घरी जेवणाच्या टेबलावर शिकलो. बायको ताटात मसुरीची मूठ टाकायची, मी दहा सेकंदांत आकडा सांगायचो आणि मग आम्ही दोघं मोजायचो. पहिल्या महिन्यात मी निम्म्याने चुकत होतो. सहा महिन्यांनी शंभरात सात-आठांनी. "बाकीच्यांचे नवरे डाळ खातात," ती म्हणायची.

आणि एक नियम मी कधी मोडला नाही. ठरलेल्या वेळात, ठरलेल्या जागेवरून, स्वतःच्या डोळ्यांनी जे दिसलं तेच लिहायचं. एकदा डोंगरातल्या कामावर माझ्या एका सहकाऱ्याला डबा खाताना समोरच्या कपारीत शृंगी घुबडांची जोडी दिसली होती. तो हरखून गेला. मी त्याची नोंद खोडली. निरीक्षणाची वेळ संपून चाळीस मिनिटं झाली होती. तो म्हणाला, "अहो, पण आहेत ना तिथे!" मी म्हणालो, "असतील. आपल्या तक्त्यात नाहीत." कंपनीत ही गोष्ट माझ्या काटेकोरपणाचा नमुना म्हणून सांगितली जायची. मलाही ती सांगायला आवडायची.

आता त्या मिठागराबद्दल.

मिठागर खाडीला लागून होतं. नेमकं कुठलं ते लिहीत नाही. बाहेर खाडीचा चिखल, मग तिवरांची रांग, मग मातीचा बांध आणि बांधाच्या आत उथळ पाण्याचे चौकोनी वाफे. मीठ पिकवणं बंद पडून बरीच वर्षं झाली होती. बांधावरच्या खोपीत हिराजीदादा आणि त्यांची बायको जानकीवहिनी राहायचे. हिराजीदादा साठी उलटलेले, आगरी. बांध फुटला की लिंपायचा, उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार भरती-ओहोटीप्रमाणे उघडायचं-मिटायचं, एवढं काम. त्या जागेवर गोदामं यायची होती. मिठागर भरून टाकायचं की सोडायचं, हे ठरवणाऱ्या कागदांत पक्ष्यांचा एक तक्ता असणार होता आणि तो मी भरणार होतो.

हिवाळ्यातले तीन महिने, आठवड्यातून एकदा, सकाळी सात ते नऊ, एकूण बारा फेऱ्या. वेळ कंपनीच्या छापील पद्धतीप्रमाणे होती. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास पक्षी सर्वांत जास्त हालचाल करतात, म्हणून. डोंगरात आणि झाडीत ते खरं आहे.

पहिल्याच दिवशी हिराजीदादांनी दुर्बिणीकडे बघत विचारलं, "काय मोजनार?"

"पक्षी."

"आता?"

"हो. सात ते नऊ."

ते हसले. "साहेब, तुमी लगीन लागायच्या आधीच मांडवात येऊन बसलांव. आता कोन हाय इथं? सगली पाखरां भायेर चिखलान चरतात. पुनवेला या, अवसेला या, दुपारी बाराला. पानी चढलं का सगली आत येतात. पाय ठेवाया जागा न्हाय मिलत."

मी वहीत बघितलं. वेळ सात ते नऊ. "दादा, मला ठरलेल्या वेळीच यावं लागतं."

"मंग मी सांगतंय ते लिवा."

"मी जे स्वतः बघितलं तेच लिहू शकतो."

"बरं," ते म्हणाले आणि उघाडीकडे निघून गेले. त्यानंतरही दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी मला ते सांगितलं. एकदा जानकीवहिनी खोपीतून ओरडल्या, "आवो, त्यांना नोकरी हाय, त्यांना कशाला तरास देतांव?" मी हसलो, चहा प्यायलो, नऊ वाजता ट्रायपॉड मिटला आणि गेलो.

मी त्यांचं का ऐकलं नाही, याचं उत्तर मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. खोटं बोलत असतील असं वाटलं नव्हतं. त्यांची राहती जागा जाणार होती, म्हणून वाढवून सांगत असतील, असं मात्र वाटलं होतं. आणि भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. खाडीची माझी आधीची सगळी कामं उघड्या चिखलावरची. पाणी चढलं की माझं काम संपायचं. मी दुर्बीण पिशवीत टाकून घरी जायचो. पक्षीही कुठेतरी जात असतील, इतकंच.

बारा फेऱ्यांत मिठागराच्या आत प्रवासी चिखलपक्षी दिसले ते असे: नऊ फेऱ्यांत शून्य. उरलेल्या तीन फेऱ्यांत चार, दोन आणि सात. एकूण तेरा. तक्ता स्वच्छ होता. खाली माझी सही होती. अहवालात एक वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलं: "सदर क्षेत्राचा प्रवासी पाणथळ पक्ष्यांकडून होणारा वापर नगण्य आहे." अहवाल गेला.

त्यानंतर अकरा दिवसांनी हिराजीदादांचा फोन आला. "साहेब, तुमचं काम संपलं ना? आता तर याल? उद्या पुनव हाय. जेवाया या. वैनींनी निवट्या आनल्यात."

रविवार होता. मी पाहुणा म्हणून गेलो. गळ्यात सवयीने लहान दुर्बीण होती, एवढंच. बांधावर चटई टाकली होती. तांदळाच्या भाकरी, निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशांचं, कालवण, सुकटीची चटणी. साडेअकराच्या सुमाराला मी दुसरी भाकरी घेतली आणि तिवरांच्या पलीकडून आवाज आला. जोराचा वारा यावा तसा. तिवरांच्या शेंड्यांवरून एक थवा आत आला, वाफ्यांवर कलला, कलताना काळ्याचा एकदम पांढरा झाला आणि बसला. त्यामागून दुसरा. मग मला मोजता येईनात इतके.

बाराला बांधापलीकडे चिखल कुठेच उरला नव्हता, सगळं पाणी. आणि आत वाफे भरले होते. टिलवे, चिखल्ये, पाणटिवळे, मधे उंच कुरल्ये. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, बहुतेक एका पायावर, चोची पाठीच्या पिसांत. खाणं नाही, भांडण नाही. बाहेर पाणी उतरेपर्यंत त्यांना उभं राहायला एक उथळ, शांत जागा हवी होती. ती ही होती.

मी कालवणाचा हात तसाच ठेवून डाव्या हाताने दुर्बीण धरली आणि मोजलं. तीन हजार आठशे साठ. पुन्हा मोजलं, चार हजार एकशे दहा. तिसऱ्यांदा तीन हजार नऊशे चाळीस. त्यात पाणटिवळे चारशेच्या आसपास, कुरल्ये शेहेचाळीस.

"किती?" हिराजीदादांनी विचारलं.

"एकोणचाळीसशे धरा."

"बगा!" त्यांनी जानकीवहिनींकडे बघितलं. माणूस इतका खूश झालेला मी क्वचित पाहिला आहे. "आता सोताच्या डोल्यांनी बगितलं. आता लिवा."

अहवाल गेला, हे मी त्यांना त्या चटईवर बसून सांगू शकलो नाही. "बघतो," म्हणालो.

घरी येऊन पंचांग काढलं. खाडीवरच्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. आता हे माझ्या सात ते नऊला लावून बघितलं. उधाणाच्या दिवसांत सकाळी सातला ओहोटी, पक्षी बाहेर चिखलावर. अष्टमीच्या आसपास सकाळी भरती असते, पण ती भांगाची, अशक्त. तिच्यात सगळा चिखल बुडत नाही, पक्ष्यांना आत येण्याचं कारण नाही. म्हणजे सात ते नऊ या वेळेत त्या मिठागरात पक्षी जवळपास कधीच दिसले नसते. मी तीन महिन्यांऐवजी तीस वर्षं गेलो असतो तरी.

मग त्या तीन फेऱ्या तपासल्या, चार, दोन आणि सातवाल्या. तिन्ही द्वादशी-त्रयोदशीच्या. भरती नऊ ते पावणेदहाची, पाणी बऱ्यापैकी वर. ते तेरा पक्षी थव्यांच्या पुढे आलेले होते. त्यांच्यामागे किती आले असते ते मी नऊ वाजता ट्रायपॉड मिटल्यामुळे मला कधीच कळणार नाही.

सोमवारी प्रकल्पप्रमुख बाईंकडे गेलो. माझ्यापेक्षा वयाने लहान, हुशार, आणि मी कधी त्यांना खोटं बोलताना पाहिलेलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं, माझा भरतीचा तक्ताही बघितला.

"सर, ही फेरी वेळापत्रकात होती?"

"नाही."

"तुम्ही तिथे कशासाठी गेला होतात?"

"जेवायला."

त्यांनी भरतीचा तक्ता मला परत दिला. "तुम्ही जेवताना बघितलेले पक्षी मी अहवालात कसे घालू? घुबडांचं तुम्हीच खोडलं होतंत ना?"

मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, पोच घेतली. फेरगणना करा, भरतीच्या वेळी करा, मी करून देतो, असं त्यात होतं. उत्तर आलं की हंगाम संपत आला आहे आणि काम पूर्ण झालं आहे.

महिनाभराने जनसुनावणी झाली. एका शाळेच्या सभागृहात, पुढे टेबल, मागे पडदा. पडद्यावर माझा तक्ता आला. बारा ओळी. हिराजीदादा धुतलेला सदरा घालून आले होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पाखरां हायत. चादर आंथरल्यावानी बसतात. आमी जलमापासून बगतोय."

अध्यक्षांनी नम्रपणे विचारलं, "आपण मोजलेत का?"

"मी न्हाय. यांनी मोजलेत." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी उभा राहिलो. कंपनीने मला बोलायला सांगितलं नव्हतं. म्हणालो, पौर्णिमेला दुपारी बारा वाजता तीन हजार नऊशे.

अध्यक्षांनी पडद्याकडे बघितलं. "ही सही आपलीच ना?"

"हो."

"इथे तीन महिन्यांत तेरा आहेत. यातला खरा आकडा कोणता?"

"दोन्ही," मी म्हणालो.

सभागृह हसलं. वाईट मनाने नाही, पण हसलं. मी भरती-ओहोटीचं सांगायला सुरुवात केली. तिथी, पाऊणपट, उधाण, भांग. दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की आकड्यांवर जगणाऱ्या माणसाला आकडे समजावता येत नाहीयेत. मला बसायला सांगण्यात आलं. इतिवृत्तात एक ओळ आली: "एका उपस्थिताने वैयक्तिक मत मांडले." बाहेर आलो तेव्हा हिराजीदादा फाटकाकडे निघाले होते. मला वाटलं, रिक्षाने सोडू का विचारावं. विचारलं. ते म्हणाले, "चालत जातंव."

पावसाळ्यानंतर उघाडी मातीने बुजवली आणि भराव सुरू झाला. हिराजीदादा आणि वहिनी पेणकरपाड्याला मुलाच्या खोलीत राहायला गेले. त्या कंपनीचं पुढचं काम मला आलं नाही. मी इतर ठिकाणी लहान कामं करतो.

पुढच्या हिवाळ्यात पहिल्या पौर्णिमेला दुपारी मी उरलेल्या बांधावर उभा राहिलो. या वेळी मला कोणी पाठवलं नव्हतं. पाणी चढलं, थवे तिवरांवरून आले, आत वळले. खाली लाल माती, दोन डंपर, एक रोलर. थवा दहा-पंधरा फुटांपर्यंत उतरायचा, डंपर हलला की उठायचा. खाडीवर जायचा, तिथे पाणीच पाणी, पुन्हा परत यायचा. सव्वाअकरा ते पावणेदोन. अडीच तास ते उडत होते. तिथल्या इंजिनिअरने मला विचारलं, "एवढ्या लांबून उडत येतात ना? मग अडीच तासांनी काय फरक पडतो?" प्रश्न रास्त होता. फरक असा पडतो की इथे ते खाऊन वजन वाढवायला येतात, परतीच्या प्रवासासाठी. चिखलावर जे कमावलं ते भरतीत उभं राहून राखायचं. दिवसाला दोन भरत्या येतात. मी त्याला हे सांगितलं. त्याने मान हलवली आणि डंपरला हात केला.

त्या दिवशी हवेत एकतीसशे मोजले. दोन महिन्यांनी साडेसतराशे. हंगामाच्या शेवटी नऊशेच्या आत. बाकीचे दुसरीकडे गेले की मेले, मला माहीत नाही. वसईच्या बाजूला जाऊन बघितलं, वरसाव्याच्या पुलापासून खाडीची दोन्ही अंगं बघितली, वाढलेला आकडा कुठे सापडला नाही. पण सगळी खाडी एका माणसाला बघता येत नाही. तो रकाना कोरा आहे.

एकदा भरावावर मेलेला टिलवा मिळाला. छातीचं हाड चाकूच्या पात्यासारखं वर आलेलं. घरी आणून बायकोच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. सोळा ग्रॅम. धडधाकट असता तर पंचवीसच्या आसपास भरला असता. एका पक्ष्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी काही विचारलं का तुम्हाला?" मग तिने काटा दोनदा साबणाने धुतला आणि कपाटात वर ठेवून दिला. दुसरा आणला.

आता माझ्या प्रत्येक तक्त्यात मी स्वतः एक जादा रकाना आखतो: तिथल्या माणसाने काय सांगितलं. कोणी मागितलेला नाही, छापील पद्धतीत नाही. त्यात नाव, वय, किती वर्षं तिथे आहे आणि त्याचे शब्द. काही कार्यालयं तो कापून टाकतात.

तो रकाना पहिल्यांदा आखला तेव्हा मी पेणकरपाड्याला गेलो. आधीच्या वर्षांत पक्षी किती असायचे, कोणत्या महिन्यात यायचे, हे हिराजीदादांकडून लिहून घ्यायचं होतं. दुसरी जागा वाचवायच्या एका अर्जाला ते जोडता आलं असतं. खोली लहान, दाराशी चपलांचा ढीग. वहिनींनी चहा टाकला. मी वही उघडली.

हिराजीदादा कॉटवर बसले होते. म्हणाले, "काय लिवायचं आता?"

"तुम्ही तेव्हा सांगत होतात ते सगळं."

"तेवा तुमी लिवलं न्हाय."

"चूक झाली दादा."

"चूक न्हाय. तुमाला माजा शब्द पटला न्हाय." आवाज चढलेला नव्हता. "वैनीला मी म्हनायचो, मानूस चोख हाय, लिवील. चोख हायच तुमी. पन मी काय लबाड होतो?"

वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या आता, घरी आलेत ते."

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. कोणत्या महिन्यात कोणतं पाखरू आधी येतं, कोणत्या वाफ्यात बसतं, बांधाच्या कुठल्या कोपऱ्यावर कुरल्ये दरवर्षी उभे राहतात. तासभर सांगत होते. मी लिहीत होतो, एकदाही मधे प्रश्न विचारला नाही. चार पानं झाली. निघताना मी नाव कसं लिहू म्हणून विचारलं, आडनावासकट.

"नाव घालू नका," ते म्हणाले. "माजं नाव कुटंच घालू नका."

चार पानं त्या अर्जाला जोडली आहेत. नावाचा रकाना मोकळा आहे. या लेखात मी त्यांना हिराजीदादा म्हटलं आहे. ते त्यांचं नाव नाही.